नवमीचे खांब

नांदेड,
१५ जून २०२५

चि. गौतम यास अनेक आशीर्वाद.

माझ्या समीरने कागदावर लिहून दाखवलं की तुझी नोकरी बदलली, आणि नारायणगुड्याजवळ जे नवं स्टेडियम झालंय तिथे तू बुकिंग मॅनेजर झालास. म्हणजे तिथे कोणी, कधी आणि काय करायचं, हे माझा भाचा ठरवणार. वाचून बरं वाटलं आणि थोडं हसूही आलं. शाळेत तुला दप्तर कुठे ठेवलंय ते सापडायचं नाही.

फोन करू नकोस. कान आता पुरते गेले. समीरने यंत्र आणून दिलंय, त्यातून पंखा ऐकू येतो, माणूस येत नाही. मोबाइलवरची अक्षरं बोटाखालून पळतात. पोस्टाने लिही. तुझी शाळा इंग्रजी, मराठी लिहायला मी शिकवलं ते असल्याच पत्रांमधून. आता ते कामी येऊ दे.

एक मागणं आहे. तुझं स्टेडियम उभं आहे तिथे आमच्या मुलींच्या खो-खो मंडळाचं मैदान होतं. लहानपणी तू दसऱ्याचा डाव बघायला यायचास आणि पेढ्यांच्या डब्याजवळून हलायचा नाहीस. तर दर खंडेनवमीला सकाळी मंडळाचे दोन सागवानी खांब मैदानात उभे करायचे, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, ही आमची रीत. कोणी तलवारी पूजतं, कोणी शिवणयंत्र. आमचं आयुध म्हणजे ते दोन खांब. माझ्या मैत्रिणीने, भामाने, आणि मी मंडळ काढलं तेव्हापासून एक नवमी चुकली नाही. कर्फ्यू लागला होता त्या वर्षी आम्ही तिघीजणी भिंतीवरून उतरलो. कोरोनाच्या वर्षी मी आणि पंच एकनाथराव, तोंडाला फडकी बांधून. मागच्या वर्षी बांधकाम चालू होतं, तर वॉचमनला इराणी चहा पाजून वाळूच्या ढिगात उभे केले. जानेवारीत समीरने मला नांदेडला आणलं, तरी यंदाची नवमी मी चुकवणार नाही.

नवमी १ ऑक्टोबरला आहे, बुधवारी. मला अर्धा तास हवा. त्याहून एक मिनिट जास्त मागत नाही. खांबांचं मी बघते.

हर्षदाला आशीर्वाद.

तुझी
इंदुआत्या

•

हिमायतनगर, हैदराबाद,
२७ जून २०२५

ती. आत्यास, सा. न.

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. लिफाफ्यावर मराठी अक्षर बघून रिसेप्शनवरच्या मुलीने ते कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका समजून फाइलला लावलं होतं.

अर्धा तास काय मागतेस? अख्खी सकाळ घे. हे विचारायचं काम आहे का? तारीख लिहून ठेवली. एकनाथरावांना सांग, नारळ मोठा आणा.

तू एकदा येऊन बघच. वरचं छत इतकं उंच आहे की कबुतरं आत शिरली तर त्यांना वाटतं बाहेरच आहोत. खाली लाकडाची गुळगुळीत फरशी, तिच्यावर पिवळ्या, निळ्या, लाल रेघा. बॅडमिंटन एका रंगात, बास्केटबॉल दुसऱ्या, व्हॉलीबॉल तिसऱ्या. पण खेळ हे इथे निम्मंच काम. या महिन्यात बॅडमिंटनच्या स्पर्धेनंतर नोकरभरतीची परीक्षा झाली, मग एका बिल्डरच्या मुलीचं रिसेप्शन, मग कुत्र्यांचं प्रदर्शन, मग एका स्वामीजींचं प्रवचन. प्रवचनाला बसलेले लोक अधूनमधून नाक मुरडत होते, कारण आदल्या दिवशीची कुत्री. दर वेळी फरशीवर प्लायवूड घाल, गालिचे घाल, खुर्च्या मांड, पुन्हा सगळं उचल. फ्लोअरचे मुकादम जहाँगीरभाई म्हणतात, “साब, ये बिल्डिंग नहीं, गिरगिट है. सुबह कू एक रंग, शाम कू दूसरा.”

आमचे मोठे साहेब अप्पाराव. शिस्तीचे, देवभोळे, आणि रिकामा तास दिसला की त्यांच्या पोटात दुखतं. दिवसभर मी एका पायावर असतो. हर्षदा म्हणते, जेवायला बसल्यावरही तुझा गुडघा हलत असतो.

काळजी करू नकोस. नवमीचं झालं समज.

तुझा
गौतम

•

नांदेड,
९ जुलै २०२५

चि. गौतम यास आशीर्वाद.

तुझं पत्र सगळ्यांना कळवलं. एकनाथरावांनी तर परवाच आख्ख्या विद्यानगरात सांगून टाकलं असणार. तेजश्री, म्हणजे सध्या मुलींना शिकवते ती, फार खूश आहे. मैदान गेल्यापासून बिचारी एका शाळेच्या अंगणात सराव घेते. तिथे अर्ध्या जागेत स्कूलबस उभ्या असतात. पळताना मुलींनी बसला वळसा घालायचा.

आता कामाचं. खांब कुठे गाडायचे ते ठरवलंस का? तुझ्या पत्रात लाकडी फरशी वाचली आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. मुली पूर्ण वेगात येतात, खांबाला हात घालून वळतात. खांब हाताभर जमिनीत असायला लागतो. नुसता टेकवून ठेवलेला खांब म्हणजे टोपी अडकवायची खुंटी. तसला आम्ही पूजत नाही.

कुठेतरी माती असेलच. कडेला, कडुलिंबाजवळ? लवकर लिही.

इंदुआत्या

•

हैदराबाद,
१२ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास, सा. न.

उत्तराला उशीर झाला, माफ कर. इथे श्वास घ्यायला वेळ नाही. मध्ये गाण्याचा एक मोठा कार्यक्रम झाला. स्टेजच्या वजनाने फरशी दबेल म्हणून जहाँगीरभाई कार्यक्रमभर स्टेजखाली आडवे पडून होते. बाहेर आले तेव्हा म्हणाले, “गाना अच्छा था, पर मैंने सिर्फ ढोल सुना.” मग टेबलटेनिस, मग पासपोर्टवाल्यांचा मेळावा, मग लहान मुलांची स्केटिंग. पंधरा ऑगस्टची तालीम चालू आहे. तुला ही यादी वाचून कंटाळा येईल, पण माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलेलं नाही.

मातीचं विचारलंस. आत्या, माती नाही. लाकडाखाली काँक्रीट आहे, काँक्रीटखाली गाड्या. तुमचं मैदान होतं त्या उंचीवर आता पार्किंग आहे. कडुलिंब कुठे होता ते मलाही सांगता येणार नाही.

मी विचार केला की दुसरं काहीतरी करता येईल. प्रवेशद्वारापाशी काचेची मोठी लॉबी आहे. तिथे खांब स्टँडवर ठेवले, मागे मंडळाचे जुने फोटो लावले, तर येणारे-जाणारे बघतील. किंवा पूजा तेजश्रीच्या शाळेत केली, तर मुलींनाही सोपं. त्या दिवसांत इथे थोडी गर्दीही असेल. तुला प्रवासाची दगदग होऊ नये असं मला वाटतं. या वयात गाडी, स्टेशन, रिक्षा, सगळं परेशानीचं काम.

हर्षदा तुझी आठवण काढते. तिने तुझ्या पद्धतीचा बगारा भात केला होता. जमला नाही.

गौतम

•

नांदेड,
२१ ऑगस्ट २०२५

गौतम,

चार पानं लिहिलीस. ढोल, स्केटिंग, पासपोर्ट, भातसुद्धा आला. नवमी हा शब्द एकदाही नाही. तू सहावीत नापासाचं प्रगतिपुस्तक दाखवायच्या दिवशी असाच माझ्या साडीचं कौतुक करायचास.

एकनाथराव दर रविवारी नारायणगुड्याच्या चौकात बसतात. त्यांनी तिथल्या फलकावरचं सगळं उतरवून मला पाठवलंय. तुमच्या स्टेडियममध्ये नवरात्रात रोज रात्री दांडिया. त्या रात्रींमध्ये नवमी येते की नाही, एवढंच मला कळव.

आता तू ऐक. ते मैदान कधीच आमच्या नावावर नव्हतं. कागद नव्हता, करार नव्हता. आमचा हक्क एवढाच की दर नवमीला आमचे खांब त्या जागेत उभे राहतात. अधिकारी बदलले, भिंती आल्या, पत्रे आले. पण नवमीला खांब उभे दिसले की जो तो म्हणायचा, हां, ही खो-खोच्या मुलींची जागा. ज्या वर्षी ते उभे राहणार नाहीत, त्या वर्षी मंडळ संपलं. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. दोन मुलींच्या आयांनी नावं काढून घेतलीत. तेजश्रीला गच्चीबावलीच्या एका जिमने नोकरी देऊ केली आहे, ती दसऱ्यापर्यंत थांबलीय. ती गेली की बसला वळसा घालायलाही कोणी उरणार नाही.

लॉबीत फोटो लावायला आम्ही अजून मेलेलो नाही.

इंदुआत्या

•

हैदराबाद,
३ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास, सा. न.

नवमी येते. सगळ्याच रात्री दांडियावाल्यांना दिलेल्या आहेत. तुझं पहिलं पत्र येण्याच्या आधी मीच सही केली होती. तुझं अक्षर दिसलं आणि मी कॅलेंडर न बघता हो म्हणून टाकलं. नंतर बघितलं. मग तुला लिहायचा धीर होईना.

तुझ्या पत्रानंतर अप्पाराव सरांकडे गेलो. त्यांच्यापुढच्या कॉम्प्युटरवर बुकिंगचे प्रकार दिलेले असतात, त्यातला एक निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ते म्हणाले, “कौनसा गेम?” मी म्हटलं, खो-खो. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत बघितली. बॉक्सिंग होतं, तलवारबाजी होती. “इसमें तो नहीं है, गौतम.” मी म्हटलं, सर, फक्त अर्धा तास. ते म्हणाले, “आधा घंटा किस चीज का? स्पोर्ट्स बोलो, वेडिंग बोलो, एक्झाम बोलो, कुछ तो बोलो.” शिवाय सजावट दसऱ्यापर्यंत तशीच राहणार, हॉल दांडियावाल्यांच्या ताब्यात. मी पुन्हा एकदा गेलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

मला स्वस्थ बसवत नाही. जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या फरशीवर येरझारा घालतो. जहाँगीरभाईंना वाटतं मी कुणाशी तरी शर्त लावलीय.

आत्या, यंदा तू येऊ नकोस. फाटकाशी उभी राहिलीस आणि मला आतून तुला बघावं लागलं, तर मला ते सहन होणार नाही. पुढच्या वर्षी मी आधीपासून जागा धरून ठेवतो. शप्पथ.

गौतम

•

नांदेड,
१० सप्टेंबर २०२५

चि. गौतम यास आशीर्वाद.

खरं लिहिलंस, राग गेला.

मी येणार आहे. समीरने तिकीट काढलंय, ३० तारखेला काचीगुड्याला उतरते. खांब माझ्याकडेच आहेत. जानेवारीत सामानाच्या टेंपोत गादीमध्ये गुंडाळून आणले. समीर म्हणाला, आई, गादी एवढी जड कशी? इथे बाल्कनीत कुंड्यांमध्ये रोवून ठेवलेत आणि सूनबाई त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालते. उभे आहेत ना, बास.

तुला खो-खो कधी जमला नाही, म्हणून एक नियम सांगते. पाठलाग करणारीने एकदा दिशा घेतली की मधूनच मागे फिरता येत नाही. फिरली तर फाउल. धावक तिच्या पाठीमागे उभी राहून वाकुल्या दाखवत असली तरी नाही. आधी पुढचा खांब गाठायचा, मगच वळायचं. तू जूनमध्ये हो म्हणालास, तेव्हा दिशा घेतलीस. आता मधूनच वळू नकोस. खांब गाठ.

इंदुआत्या

•

हैदराबाद,
२३ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास, सा. न.

हे पत्र स्पीडपोस्टने पाठवतोय. नीट वाच.

काल घटस्थापना झाली, दांडियाची पहिली रात्र. त्याच्या आदल्या दिवशी गालिचे अंथरत होते तेव्हा मी माझ्या येरझारा घालत होतो आणि एका पितळी झाकणाला ठेच लागली. व्हॉलीबॉलच्या जाळीचे खांब बसवायला फरशीत खोल नळ्या आहेत, त्यावरची झाकणं. दिवसातून दहा वेळा मी त्यांच्यावरून चालतो. दोन कोर्ट शेजारी शेजारी आहेत, एकाच रेषेत. जहाँगीरभाईंकडून टेप घेतली. या कोर्टाच्या बाहेरच्या नळीपासून त्या कोर्टाच्या बाहेरच्या नळीपर्यंत मोजलं. खो-खोच्या दोन खांबांमध्ये असतं जवळजवळ तेवढंच अंतर. एकनाथराव येऊन बघून गेले. म्हणाले, “वीतभर कमी आहे. स्पर्धा असती तर मी मान्य केलं नसतं.” पण त्यांचे डोळे चमकत होते. नळी आपल्या खांबाहून जरा मोठी आहे, पाचरी मारून खांब घट्ट बसतील. हाताभर आत जातील, आत्या.

आता दुसरी गोष्ट. आज मीटिंगमध्ये अप्पाराव सर म्हणाले, नवमीला सकाळी गालिचे काढून ठेवा, फरशीवर आयुधपूजा आहे, सगळ्या स्टाफने यायचं. फोर्कलिफ्ट, जनरेटर, स्कोअरबोर्ड, सगळ्याला हार. ते आयुधपूजा म्हणत होते आणि मला कळायला अर्धी मीटिंग गेली की ही तुझीच खंडेनवमी. महिनाभर मी त्यांच्याकडे खेळ म्हणून अर्धा तास मागत होतो!

मीटिंग संपल्यावर मागे थांबलो. म्हटलं, सर, खेळाच्या सामानाची पण पूजा करायची ना? “क्यों नहीं? करनाच पडता.” मग म्हटलं, या जागेवरचं सगळ्यात जुनं सामान माझ्या आत्याकडे आहे. दोन खांब. पूजेला ठेवू का? त्यांनी विचारलं, किती वेळ? मी म्हटलं, अर्धा तास. “रखो, रखो. पूजा को ना कैसे बोलते?”

फक्त एक कबूल केलंय. दांडियावाल्यांचे लोक अकरा वाजता दिवे दुरुस्त करायला येतात. त्याआधी खांब काढायचे. तू तेवढ्याला नाही म्हणू नकोस. एवढं जमलंय तेच पुष्कळ आहे.

मी स्टेशनवर येतो.

गौतम

•

नांदेड,
२६ सप्टेंबर २०२५

चि. गौतम,

वाचलं. ठेच लागली ते बरं झालं.

पूजा तर होऊ दे. निघते. गाडीत खांब कुठे ठेवायचे ते हमाल आणि मी बघून घेऊ.

इंदुआत्या

•

हैदराबाद,
५ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास, सा. न.

सुखरूप पोचल्याचं समीरने कळवलं. तू इथे होतीस दोन दिवस, पण तुझ्याशी बोलणं म्हणजे हातवारे, आणि माझे हात पूर्ण वेळ फोनमध्ये अडकलेले. म्हणून कोण काय बोललं ते आता लिहितो. तुला एक शब्दही ऐकू आला नाही, असं धरून चालतो. तुझा चेहरा मात्र सगळं ऐकल्यासारखा होता.

नवमीला गुरुजींनी फोर्कलिफ्टपासून सुरुवात केली. खांबांपाशी आले तेव्हा अप्पाराव सरांनी स्वतः हळद लावली, आठवतं ना? मग कोहळा फोडला. सगळ्यांना प्रसाद. साडेदहा झाले. मी एकनाथरावांना म्हटलं, काका, पाचरी काढू या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवळात चपला घालून आलोय. “अरे, पुजलेलं आयुध दसऱ्याच्या आधी हलवतात का कधी?”

मी म्हटलं, पण अकरा वाजता काढायचं कबूल केलंय. ते म्हणाले, “तू केलंयस. देवीने नाही.”

तेवढ्यात दांडियावाले आले. त्यांचा मॅनेजर ओरडायलाच लागला. मधोमध दोन लाकडं कसली, रात्री तीन हजार माणसं नाचणार, कोणी आपटलं तर जबाबदार कोण. बोलत बोलत तो वाकला आणि पाचरीला हात घातला. अप्पाराव सर लांबूनच गरजले, “ए! हाथ नक्को लगाओ! पूजा का सामान है, कल सुबह तक वैसाच रहेगा!”

तो म्हणाला, सर, ही लाकडं. सर म्हणाले, “और वो लोहा है. उसको भी कोई नहीं उठाएगा.” जहाँगीरभाईंनी लगेच हात जोडले. “साब, मेरा फोर्कलिफ्ट हार पहन के बैठा है. आज मैं कुछ उठा सकतूं क्या?” सरांनीच सकाळी चावी देवीपुढे ठेवली होती. मग सर माझ्याकडे वळले आणि हळूच विचारलं, “गौतम, ये तुमको मालूम था?” मी म्हटलं, नाही सर. ते खरं होतं. मी तुझ्याकडे बघितलं. तू खुर्चीवर बसून प्रसादाचं खोबरं चावत होतीस.

त्या रात्री दांडियाचा गोल खांबांभोवती फिरला. कोणी आपटलं नाही. काही बायकांनी तर जाता जाता खांबांना हात लावून नमस्कार केला. त्यांना काय वाटलं देव जाणे.

दसऱ्याचं तू बघितलंसच. सकाळी सर खास आले, फोर्कलिफ्टची चावी देवीपुढून उचलली, जहाँगीरभाईंनी एक फेरी मारून दाखवली. मग सर खांबांकडे बोट दाखवून म्हणाले, “अब निकालो.” एकनाथराव शिट्टी गळ्यात घालूनच उभे होते. म्हणाले, “निकालते. पर आयुध उठाने का मतलब, पहले चलाना. आपने गाडी चलाई ना?” सर स्वतः जाऊन पहिल्या रांगेत बसले.

मुली आधीच बूट घालून तयार होत्या, रबरी तळव्यांचे. म्हणजे तेजश्रीलाही माहीत होतं. माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं.

मला वरून पत्र आलंय. पूजेची परवानगी असताना सामना कसा झाला, याचा खुलासा मागितलाय. फरशीवर हळदीचा डागही पडलाय. काय लिहू ते कळत नाही. बुधवारी सरांनी बोलावलंय. नोकरी जाईल असं वाटत नाही, पण रोज रात्री उठून खुलासा लिहितो आणि फाडतो.

तू मला आधी का सांगितलं नाहीस?

गौतम

•

नांदेड,
१० ऑक्टोबर २०२५

चि. गौतम यास आशीर्वाद.

सांगितलं असतं तर तू तुझ्या साहेबांना सांगितलं असतंस. तुझ्या तोंडात काही राहत नाही, लहानपणी पेढाही राहायचा नाही. आणि मी खोटं काय बोलले? अर्धाच तास मागितला होता. उरलेला देवीने दिला. दसऱ्याचा डाव तर मी पहिल्याच पत्रात लिहिला होता. तू पत्र पेढ्यांपर्यंतच वाचलंस.

खुलाशात खरं तेच लिही. आयुध पुजलं, दुसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे उचललं. डागाला लिंबू लाव.

तुझी झोप उडाली त्याचं मात्र मला वाईट वाटतं. तिथे बसले होते तेव्हा मीही घाबरलेच होते. खोबरं चावत होते ते त्यासाठीच.

एक गोष्ट मला कळली नाही, ती तू लिही. डावाच्या सुरुवातीला मुली इतक्या चुकीच्या का उठत होत्या? खो एकीला आणि उठायची दुसरीच. एकनाथरावांची शिट्टी सारखी तोंडात. तेजश्रीचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, एवढी मोठी जागा बघून घाबरल्या. म्हणून मी उभी राहिले आणि त्यांना स्वतःची पाठ थोपटून दाखवली, की बसा, हात पडेपर्यंत बसा. मग सुधारल्या. मी काही बोलले का? बोलले असेन तर मला ऐकू आलं नाही.

तिथे आवाज कसा होता, तेही लिही. डोळ्यांनी सगळं बघितलं, पण आमचा खेळ निम्मा आवाजाचा आहे.

सूनबाई विचारते, आता कपडे कुठे वाळत घालायचे. मी म्हटलं, नांदेडला खिळे मिळतात.

इंदुआत्या

•

हैदराबाद,
२३ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास, सा. न.

तू बोलली नव्हतीस, ओरडली होतीस. “पाठ! पाठ!” असं, आख्ख्या स्टेडियमला ऐकू जाईल एवढ्याने. अप्पाराव सर खुर्चीतून उठले होते.

मुली घाबरल्या नव्हत्या. छतामुळे झालं. रिकाम्या हॉलमध्ये एक खो दिला की तो वर जातो आणि थोड्या वेळाने परत येतो. मुली उघड्यावर खेळलेल्या. आवाज आला की उठायची त्यांना सवय. इकडे एकीला खो मिळाला, तोवर छतावरून दुसरा खो उतरायचा आणि भलतीच उठायची. तेजश्रीला ते कळेपर्यंत चार फाउल झाले होते. तू पाठ थोपटलीस आणि त्यांनी ऐकणं सोडून दिलं. ज्या बाईला काहीच ऐकू येत नाही तिने हे सांगावं, याचं जहाँगीरभाईंना अजून नवल वाटतं. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ही गोष्ट ऐकवली आहे, आणि प्रत्येक वेळी फाउल वाढत चाललेत.

खुलाशात खरं लिहिलं. सरांनी वाचलं, दोनदा. म्हणाले, “अगले साल भी आएंगे ये लोग?” मी म्हटलं, सर, दर वर्षी. त्यांनी कॉम्प्युटरवर कॅलेंडर उघडलं. मग मी त्यांना बुधवार दाखवला. बुधवारी सकाळी फरशीला हवा लागावी म्हणून हॉल उघडा ठेवतात, कुणाला देत नाहीत. रिकामा तास, सर. त्यांच्या पोटात दुखलं असणार. म्हणाले, सहा ते साडेसात, रबरी बूट, आणि कुणाचं बुकिंग आलं तर हटायचं.

म्हणजे पक्कं काहीच नाही, आत्या. डिसेंबरात लग्नं आहेत, त्यातला एखादा बुधवार जाणार. तेजश्रीला मी हे जसंच्या तसं सांगितलं. तिने जिमवाल्यांना नाही म्हणून कळवलंय, आणि आता तिच्यापेक्षा मलाच जास्त धाकधूक आहे. सोडून गेलेल्या दोघींपैकी एक मुलगी परत आली. दुसरीची आई येऊन फरशी बघून गेली. खांब जहाँगीरभाईंच्या खोलीत व्हॉलीबॉलच्या खांबांशेजारी उभे आहेत, हळद पुसलेली नाही.

काल या महिन्याचा चौथा बुधवार, पण मुलींचा पहिला. कुलूप मी उघडलं. मुली मधल्या पाटीवर ओळीने बसल्या, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. बाहेर रस्ता जागा व्हायचा होता, आत फक्त बुटांची चूंचूं. मग पहिला खो झाला. वर गेला. मी बघत होतो. तो छतावरून परत आला, पहिल्यापेक्षा जाड होऊन, जणू वर आणखी कोणीतरी खेळतंय. एकही मुलगी हलली नाही. पाठीवर हात पडेपर्यंत सगळ्या तशाच बसून होत्या.

मी दारात उभा होतो. दुसरा खो वरून आला तेव्हा मीच दोन पावलं पुढे गेलो होतो. एकनाथरावांनी माझ्याकडे बघून शिट्टी वाजवली.

तुझा
गौतम